काडतुसाचा आकडा आणि शेताचा बांध



अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या पुतण्यानं परवा फोनवर विचारलं, "काका, इकडं अस्वलांच्या जंगलात जाणारे लोक लिव्हरची रायफल बाळगतात. आपल्या जसोंडीच्या मक्यात रानडुकरं शिरतात, त्यांना कोणतं काडतूस चालेल?" असा प्रश्न आपल्या बऱ्याच तरुणांच्या मनात असतो, म्हणून आज त्याबद्दलच.

लिव्हरच्या रायफलीत घोड्याभोवतीची कडी खाली ओढून वर केली, की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकून स्फोट होऊ नये, म्हणून गोळीचं तोंड चपटं ठेवतात.

यातलं एक जुनं आणि नावाजलेलं काडतूस म्हणजे ४५-७०. ते १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी निघालं. गोळीची जाडी ०.४५ इंच आणि काळी दारू ७० ग्रेन, म्हणून हे नाव. सुमारे २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास जाते. जड पण संथ. ३०-३० ची गोळी ११ ग्रॅमची, पण वेग जवळपास ६७० मीटर. ती हरणाला पुरते, मोठ्या अस्वलाला कमी पडते. १९६४ चं ४४४ मार्लिन या दोन्हींहून जोरदार. २००० साली आलेल्या ४५० मार्लिनच्या बुडाला मुद्दाम पट्टा दिला, म्हणजे ते जुन्या, नाजूक ४५-७० बंदुकीत बसूच नये. आजचं जोरदार ४५-७० काडतूस शंभर वर्षांच्या बंदुकीत घातलं, तर बंदूकच फुटू शकते.

आपल्या देशातही हा प्रकार आला होता. दक्षिणेत नरभक्षकांमागे फिरणारे केनेथ अँडरसन ४०५ विंचेस्टर वापरत. १९०४ सालचं हे काडतूस रूझवेल्ट यांनी १९०९ साली आफ्रिकेतही नेलं होतं.

पण जसोंडीत हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे माहितीची बंदूक म्हणजे बारा बोअर. एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या होतात, त्यातल्या एका गोळीएवढी तिची नळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. छर्रा थोड्या अंतरावर दम सोडतो. रायफलीची गोळी मात्र किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. अंधारात मका हलतो तेव्हा मागं डुक्कर आहे, की बांधावर झोपलेला राखणदार, हे काडतूस सांगत नाही. गोळी जितकी जड, तितकी चूक महाग.

आणि परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर मारायलाही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. स्वतःचा जीव वाचवताना जनावर मेलं, तर कायदा समजून घेतो; पण तो अपवाद, वाट नव्हे.

म्हणून तरुण मंडळींना सांगणं एवढंच: काडतुसांचा अभ्यास जरूर करा, त्यात विज्ञानही आहे आणि इतिहासही. शेतासाठी मात्र आधी पक्कं कुंपण, जोडीनं राखण आणि हातात चांगली बॅटरी. नुकसान झालंच तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्या. कुंपणात चोरून वीज सोडणं तर बंदुकीपेक्षाही वाईट; ती तार ना डुक्कर ओळखते, ना माणूस.

पुढच्या वेळी भेटूच. शेत राखा, शेजारीही राखा.