दोन मॅग्नेटो, एकच खूण

सेसना १५२ धावपट्टीच्या तोंडाशी उभे असते. ब्रेक दाबलेले, इंजिन १७०० आरपीएमवर. वैमानिक किल्ली 'बोथ'वरून 'आर'वर नेतो, पुन्हा 'बोथ'वर आणतो, मग 'एल'वर. दोन्ही ड्रॉप १२५च्या आत, त्यांच्यातला फरक ५०च्या आत, म्हणजे मॅग्नेटो ठीक. वैमानिकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण त्या क्षणी त्याच्या हाती दुसरे साधन नसते. पण हँगरमध्ये काम करणाऱ्यांनी या चाचणीवर किती विसंबायचे, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. मॅग ड्रॉप एका मॅग्नेटोची दुसऱ्याशी तुलना करतो. टायमिंग बरोबर आहे की नाही, हे तो सांगत नाही. दोन्ही मॅग्नेटो एकाच चुकीच्या खुणेवर लावले असतील, तर त्यांचे आपसात उत्तम जमते आणि आकडे मर्यादेत येतात. टायमिंग आगाऊ असेल तर ड्रॉप उलट कमीच दिसतो, आणि कमी ड्रॉप पाहून आपल्याला बरे वाटते.

विमानाच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो का, हे या व्यवसायात पहिल्या वर्षीच शिकवले जाते. बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, मास्टर स्विच बंद केला, तरी ठिणगी पडत राहिली पाहिजे. आणि एक मॅग्नेटो गेला तरी इंजिन चालले पाहिजे. शिवाय सिलिंडरमध्ये दोन बाजूंनी पेटलेले मिश्रण लवकर आणि पूर्ण जळते. चार सिलिंडरच्या इंजिनात मॅग्नेटो क्रँकशाफ्टच्याच वेगाने फिरतो, सहा सिलिंडरच्या इंजिनात दीडपट वेगाने. २५५० आरपीएमवर प्रत्येक प्लग मिनिटाला १२७५ वेळा पेटतो. याच वेगाला क्रँकशाफ्टचे पाच अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे तीन हजारावा भाग. एवढ्याशा काळाची चूक सिलिंडर हेडचे तापमान चढवते, टेकऑफच्या पूर्ण पॉवरला डिटोनेशनच्या दारात नेऊन ठेवते, आणि रन-अपला तिचा पत्ता लागत नाही.

हे पाच अंश आम्ही उगाच निवडलेले नाहीत. सेसना १५२मधल्या लायकमिंग ओ-२३५-एल२सी इंजिनाचे टायमिंग टीडीसीच्या २० अंश आधी असते. सेसना १७२पीमधल्या ओ-३२०-डी२जेचे २५ अंश आधी. आपल्याकडच्या किती तरी फ्लाइंग क्लबांनी ही दोन्ही विमाने एकाच छपराखाली सांभाळली आहेत, आणि ती सांभाळणारे हातही तेच. लायकमिंगच्या अनेक रिंग गिअरवर २० आणि २५ अशा दोन्ही खुणा कोरलेल्या असतात. सकाळी १७२ केले, दुपारी १५२ घेतले, स्टार्टरच्या छिद्रासमोर २५ची खूण आणली, टायमिंग लाईटचे दोन्ही दिवे एकदम लागले, नट आवळले. काम नीटनेटके झाले, फक्त इंजिन दुसरे होते. ओ-२३५-एल२सीचे कॉम्प्रेशन ८.५ला १ आहे. पाच अंश आगाऊ ठिणगी सोसण्याइतकी सवलत त्यात नाही.

म्हणून आमचा आग्रह आहे की आकडा आठवणीतून काढू नये आणि शेजारच्या विमानावरून तर मुळीच घेऊ नये. तो इंजिनाच्या डेटा प्लेटवरून वाचावा. लायकमिंगने स्वतः काही आयओ-३६० इंजिनांचे टायमिंग २५वरून २०वर आणले आहे, आणि असा बदल केलेल्या इंजिनाच्या प्लेटवर नवा आकडा ठोकलेला असतो. पुस्तकाची जुनी प्रत, वरिष्ठांनी वर्षानुवर्षे सांगितलेला अंक आणि प्लेटवरचा अंक यांत फरक दिसला, तर हत्यारे खाली ठेवून आधी त्या फरकाचा उलगडा करावा.

आता त्याहून अवघड भाग. प्लेट वाचली, २०चीच खूण घेतली, तरी ती खूण खरी कशावरून? रिंग गिअरच्या पुढच्या बाजूच्या खुणा स्टार्टरच्या छिद्राशी जुळवायच्या आणि मागच्या बाजूची टीडीसीची खूण क्रँककेसच्या जोडरेषेशी जुळवायची, या दोन पद्धती सगळ्यांना ठाऊक आहेत. एकीने दुसरीची पडताळणी होते असे पुष्कळांना वाटते. पण दोन्ही खुणा एकाच चकतीवर आहेत. प्रॉपेलर उतरवताना ती चकती निघाली आणि परत बसवताना क्रँकशाफ्टच्या फ्लँजवरच्या चिन्हाशी जुळली नाही, तर दोन्ही खुणा सारख्याच खोट्या ठरतात. तिथे खरे बोलणारा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन.

पिस्टनला विचारायला पाऊण तासही लागत नाही. सगळ्या सिलिंडरांचे वरचे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून कॉम्प्रेशन स्ट्रोक ओळखा. भोकात पिस्टन स्टॉप बसवा, स्पिनरवर अंशांची चकती लावा आणि प्रॉपेलर अगदी हलक्या हाताने आधी एका दिशेला, मग दुसऱ्या दिशेला टेकेपर्यंत फिरवा. चकतीवरच्या त्या दोन जागांचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉप काढून घ्या, टीडीसीच्या बरेच मागे जा आणि इंजिनाच्या चालू दिशेनेच हळूहळू पुढे येत प्लेटवरच्या अंकावर थांबा. अंक ओलांडला गेला तर तिथल्या तिथे मागे रेटून जुळवू नका. पुन्हा पुरेसे मागे जाऊन पुढे या, नाहीतर गिअरमधली सारी ढिलाई तुमच्या आकड्यात शिरेल. मग रिंग गिअरची खूण स्टार्टरच्या छिद्रासमोर आहे का ते पाहा. असेल तर त्या खुणेवर पुढची कामे निर्धास्त करता येतील. नसेल तर आज एक मोठा अनर्थ टळला. ही पडताळणी दर वेळी करा असे आमचे म्हणणे नाही. पण ओव्हरहॉल होऊन आलेले इंजिन, ताफ्यात नवे दाखल झालेले विमान आणि रिंग गिअर निघालेले कोणतेही काम, या तीन प्रसंगी तिच्यावाचून सही होऊ नये.

मॅग्नेटो बसवण्याच्या बाकी पायऱ्यांवर इथे लांबण लावत नाही, त्या मॅन्युअलमध्ये आहेत. स्लिक मॅग्नेटोची टायमिंग पिन आत राहिली असताना प्रॉपेलर हलवू नये आणि इम्पल्स कपलिंगचा लॅग अँगल इंजिनाला हवा तोच आहे हे पार्ट नंबरावरून पाहावे, एवढ्या दोनच गोष्टी पुन्हा सांगतो. चुकीचा लॅग अँगल फक्त इंजिन सुरू करताना त्रास देतो, रन-अपला दिसत नाही, आणि मग दोष बिचाऱ्या स्टार्टरच्या माथी येतो.

दोन मॅग्नेटो स्वतंत्र असावेत हे तत्त्व खुद्द कारखान्यातही एकदा सैल झाले होते. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या सेसना १७२एनमध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन आले. त्यावर बेंडिक्सचा दुहेरी मॅग्नेटो होता: कॉइल दोन, पॉइंट दोन जोड्या, पण आवरण एक आणि फिरवणारा शाफ्टही एकच. वजन आणि किंमत वाचली, पण शाफ्ट किंवा त्याचा गिअर गेला तर दोन्ही ठिणग्या एकदम जाणार हे उघड होते. पुढे १७२पीमध्ये पुन्हा दोन वेगळे मॅग्नेटो आले. ज्यांच्याकडे आजही दुहेरी मॅग्नेटोचे इंजिन आहे, त्यांनी त्याचे आवळणे आणि त्याची तपासणी दुप्पट गांभीर्याने घ्यावी. आणि ज्यांच्याकडे दोन वेगळे मॅग्नेटो आहेत, त्यांनी ते एकाच बैठकीत, एकाच हाताने, एकाच खुणेवर लावून निर्मात्याने दिलेले स्वातंत्र्य आपल्या हाताने काढून घेऊ नये. मोठ्या विमानांच्या देखभालीत एकाच व्यक्तीने सारख्या दोन यंत्रणांवर लागोपाठ काम करणे शक्यतो टाळतात, आणि टाळता आले नाही तर दुसऱ्याने स्वतंत्र तपासणी करायची असते. छोट्या क्लबात माणसे कमी असतात हे आम्हाला मान्य आहे. तरीही दुसऱ्याने येऊन 'दिवे लागले का' एवढेच पाहिले तर ती तपासणी होत नाही. त्याने डेटा प्लेट स्वतः वाचावी, खूण स्वतः शोधावी, प्रॉपेलर स्वतः फिरवावा.

याला जोडूनच लॉगबुकाचा प्रश्न येतो. 'मॅग्नेटो टायमिंग तपासले, समाधानकारक' अशी नोंद आम्ही असंख्य वेळा वाचली आहे, आणि तिच्यातून पुढच्या माणसाला काहीही कळत नाही. हात लावण्यापूर्वी डावा किती अंशांवर उघडत होता, उजवा किती अंशांवर, आणि काम झाल्यावर दोन्ही किती, हे चार आकडे लिहायला अर्धी ओळ लागते. पॉइंट झिजत, जळत गेले की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. कॅम फॉलोअर झिजला की ते उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. आधीचे आकडे लिहिलेले असतील तर मॅग्नेटो न उघडताही आत काय झिजते आहे याचा अंदाज येतो. दर वेळी आवरण फिरवून टायमिंग जुळवत राहिलो आणि सापडलेला आकडा लिहिलाच नाही, तर आतली झीज आपण बाहेरून झाकत राहतो, ई-गॅप बिघडत जातो आणि ठिणगी दुबळी होते.

किनाऱ्यालगतच्या हँगरांना हे अधिक लागू आहे. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच मैदानावर पुस मॉथ विमानातून उतरले. त्या काळी पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांना आपले काम पुण्याला हलवावे लागे. आज धावपट्टी पक्की आहे, पण खारी दमट हवा तीच आहे. डिस्ट्रिब्यूटर ब्लॉकवर ओल धरली की ठिणगी आडवाटेने पळते, कार्बनची रेघ उमटते, आणि एकदा उमटलेली रेघ ऊन पडल्यावरही जात नाही. पावसाळ्यात उड्डाणे कमी होतात, त्यामुळे ५०० तासांच्या तपासणीचा मुहूर्त पुढे पुढे जातो. पण तासांचे घड्याळ थांबले तरी गंज थांबत नाही. बेंडिक्सने आपल्या मॅग्नेटोंना तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा घातली आहे: निर्मितीपासून किंवा ओव्हरहॉलपासून पाच वर्षे, अथवा वापरात आल्यापासून चार वर्षे, यांतले जे आधी येईल ते. कमी उडणाऱ्या विमानाच्या मालकाला हा खर्च वायफळ वाटतो. त्याला ती रेघ पडलेला एखादा ब्लॉक हातात देऊन समजावणे हे अभियंत्याचे काम आहे.

एका धोक्याबद्दल मात्र कितीही वेळा लिहावे लागले तरी लिहू. पी-लीड सुटली की मॅग्नेटो जिवंत होतो. किल्ली 'ऑफ'वर असली तरी. आणि टायमिंग लाईट लावताना किल्ली 'बोथ'वर ठेवावी लागते, म्हणजे त्या कामात आपण स्वतःच दोन्ही मॅग्नेटो जिवंत करून प्रॉपेलरला हात लावतो. प्लगच्या तारा सुटलेल्या नसतील तर इम्पल्स कपलिंगचा एक 'खट्' पुरे. प्रशिक्षणाला आलेल्या मुलामुलींना 'जरा प्रॉपेलर फिरव' असे म्हणण्याआधी तारा सुटल्याचे त्यांना दाखवा, आणि दाखवल्याशिवाय हात न लावण्याचा हक्क त्यांना आहे हेही सांगा.

ही मुले-मुली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून येतात आणि त्यांचे डोळे सांताक्रूझच्या एप्रनवरच्या एअरबस-बोइंगवर असतात. त्यात गैर काही नाही. जुहूलाही आता मुख्यतः टर्बाइन हेलिकॉप्टरे दिसतात, ज्यांना ठिणगी फक्त सुरू होताना लागते. नव्या प्रशिक्षण विमानांत रोटॅक्सचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, डिझेल इंजिनांना तर इग्निशनच नाही. म्हणून पिस्टन इंजिनाचे मॉड्यूल परीक्षेपुरते उरकण्याकडे कल वाढतो आहे. पण उद्याचे एअरबसचे वैमानिक आज कुठे शिकत आहेत? धुळ्यात, बारामतीत, नागपुरात, आणि त्यांतल्या अनेकांचे पहिले एकट्याचे उड्डाण लायकमिंगच्या दोन मॅग्नेटोंच्या भरवशावर होते. मुंबईच्याच उपनगरात, कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर, अमोल यादव यांनी आपले विमान बांधले आणि २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. छोट्या विमानाची ओढ इथे जिवंत आहे. ती सांभाळणारे परवानाधारक हात मात्र विरळ होत आहेत, आणि जे आहेत त्यांच्याकडचे ज्ञान कागदावर उतरलेले नाही.

त्यासाठी पुढील अंकापासून आम्ही मॅग्नेटो टायमिंगच्या नोंदीचा एक पानी नमुना छापत आहोत. त्यात डेटा प्लेटवरचा अंक, खुणेची पडताळणी पिस्टनवरून केली की नाही, सापडलेले दोन आकडे, ठेवलेले दोन आकडे आणि दुसऱ्या तपासनीसाची सही, एवढेच रकाने असतील. मंजूर कार्यपत्रिकेच्या जागी तो वापरायचा नाही, तिच्यासोबत जोडायचा आहे. ज्या हँगरांना शक्य आहे त्यांनी येत्या पावसाळ्याअखेरीपर्यंतचे सापडलेले आकडे, विमानाची नोंदणी आणि क्लबचे नाव वगळून, आमच्याकडे पाठवावेत. इंजिनाचे मॉडेल, मॅग्नेटोचा प्रकार, मागच्या तपासणीनंतरचे तास आणि विमान किनाऱ्यालगत ठेवले जाते की आत घाटावर, एवढे त्यासोबत हवे.