रविवारी संध्याकाळी चूल बंद

पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं जिथे जेवतात, त्यातल्या बहुतेक मेसचा एक ठरलेला नियम असतो. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. दुपारच्या ताटात मसालेभात असतो, जिलबी नाहीतर श्रीखंड असतं, आणि रात्री मुलं वडापाव, भुर्जी, जे मिळेल ते खातात. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. जिने आठवडाभर पोळ्या लाटल्या, तिला एक संध्याकाळ मोकळी हवी, हे महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या परक्या मुलांना कळतं. आपल्या घरातल्या माणसांनाही ते कळावं आणि घरोघरी तसाच नियम व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

मी हा नियम पहिल्यांदा पाहिला तो लालबागला, आत्याकडे. आत्या खाणावळ चालवायची. गिरणीत तीन पाळ्या, म्हणून तिच्या दोन खोल्यांतही दिवसभर कुणी ना कुणी जेवायला बसलेलं असायचं. मेंबर बहुतेक आमच्याच सिंधुदुर्गातले, बायकामुलांना गावी ठेवून आलेले. पहाटे उठून सकाळपाळीच्या भाकऱ्या, मग आमटी-भात आणि मासळी, रात्रपाळीवाल्यांचे डबे वेगळे. रविवारी दुपारी मटण आणि वडे. शेवटची पंगत उठली की ती चूल सारवायची, अंगावरून पाणी घ्यायची, केसांत अबोलीचा वळेसर माळायची आणि निघायची. कधी बहिणीकडे, कधी दामोदर हॉलला नाटकाला, कधी नुसतीच शेजारणीबरोबर चौपाटीवर. कुणा मेंबराने रात्रीच्या जेवणाचं विचारलंच तर म्हणायची, ‘‘आयतवाराची सांज माझी.’’ एकही मेंबर त्यावरून खाणावळ सोडून गेला नाही.

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा गिरणगावातल्या अशा खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. तोवर त्यांना सावकाराच्या दारात उभं राहावं लागे. त्या मंडळाने केलेलं सर्वांत मोठं काम माझ्या मते कर्जाच्याही पलीकडचं आहे. चुलीपुढे बसून बाई जे करते ते काम आहे, त्याला दाम आहे, हे बँकेच्या कागदावर आलं. ज्याला दाम आहे त्याला सुटीही असते. घरच्या स्वयंपाकाला दाम नाही, म्हणून त्याच्या सुटीचा विषयच निघत नाही.

आपल्याकडे रविवारची सुटी मागून, भांडून मिळवलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, अशा त्या मागण्या होत्या. सहा वर्षं त्यासाठी खपावं लागलं. 1890 च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात, एवढ्या गर्दीसमोर! त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या दोघींचा मी पुष्कळदा विचार करते. सुटी मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी भाकऱ्या कुणी थापल्या असतील? सूत गुंडाळायच्या खात्यातून त्या सुटल्या, पण घरी गेल्यावर दुसरी पाळी वाट पाहतच होती. ती पाळी अजून संपलेली नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 88 मिनिटं.

ही आठवडाभराची सरासरी झाली. रविवारी पाहुणे असले की काय होतं, ते आमच्या डोंबिवलीतल्या घराचं सांगते. आमच्याकडे भाऊ-वहिनी, मुलं आणि आता ऐंशीच्या घरात असलेली आत्या येतात, आणि आत्या येणार म्हणजे कोंबडीवडेच. तांदूळ, उडीद डाळ, मेथ्या, धणे यांचं पीठ आधीच गिरणीतून जाडसर दळून आणावं लागतं. सकाळी उठल्याबरोबर ते कोमट पाण्यात मळून झाकून ठेवायचं. मग पिशव्या घेऊन बाजार. नारळ, कांदे, कोथिंबीर, आणि कोंबडीच्या दुकानाबाहेर लांबच लांब रांग, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या अर्ध्या गावाला रविवारच मोकळा सापडतो. घरी येऊन नारळ फोडायचे, खवायचे. कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण करायचं. सोलकढीसाठी वेगळा नारळ वाटायचा, रस पिळायचा, गाळायचा, पुन्हा पाणी घालून पिळायचा, आमसुलं भिजत घालायची. आणि वडे तर आयत्या वेळी थापून गरमच वाढायचे, म्हणजे तळणारी बाई शेवटी जेवणार हे ठरलेलं. मेगाब्लॉकमुळे गाडी रखडली आणि मंडळी उशिरा आली, तर तेवढा वेळ सगळं झाकून, पुन्हा तापवून सांभाळायचं.

हे सगळं करायला मला आवडतं, अगदी मनापासून आवडतं. वडा टम्म फुगला की अजूनही आनंद होतो आणि आत्याने बोटाने रस्सा चाखून मान डोलावली की भरून पावते. स्वयंपाक बायकांवर लादलेला आहे एवढंच म्हणून मी थांबणार नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. माझा राग आहे तो संध्याकाळवर. दुपारी साडेतीनला ओटा आवरून टेकावं, तर साडेचारला चहा, त्याबरोबर काहीतरी, आणि सहा वाजता तोच प्रश्न : रात्रीला काय? दुपारचं जेवण मायेने होतं, रात्रीचं नाइलाजाने होतं, आणि सोमवारी पहाटे डब्यासाठी उठायचं असतं.

नातेवाइकांकडे जाणं-येणं कमी झालं म्हणून हळहळणारे खूप भेटतात. मोबाइलला दोष दिला जातो, अंतराला दिला जातो. मला वेगळं कारण दिसतं. कुणी येणार म्हटलं की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो, आणि कुणाकडे जायचं म्हटलं की तिथल्या बाईला त्रास नको म्हणून आपणच टाळतो. दोन्हीकडच्या बायका एकमेकींची कीव करून घरी बसतात आणि त्यात चुलतभावंडं एकमेकांना अनोळखी होतात. आत्याच्या दोन खोल्यांत आम्ही पंधरावीस माणसं मावायचो, कारण रात्रीचं जेवण हा तिथे प्रश्नच नव्हता. पाव आणले जायचे, दुपारच्या रश्श्यात बुडवून खाल्ले जायचे, आणि पुरुषमंडळी आपापलं ताट आपणच घासायची.

म्हणून आमच्या घरी आता तसंच ठरवलं आहे. रविवारी दुपारचं जेवण झालं की मी आणि सून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. भूक लागली तर नवरा आणि मुलगा मऊभात टाकतात, पापड भाजतात. दुपारीही नारळ भाऊ खवतो आणि वडे तळायला त्याचा मुलगा उभा राहतो. थापायला अजून आत्याच बसते, ते ती कुणाला देत नाही. येताना वहिनी कोशिंबीर नाहीतर तळलेली मासळी घेऊन येते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही, तिलाही वाटत नाही.

‘मागवा की बाहेरून,’ असं तरुण मुलं सुचवतात. एखाद्या वेळी ठीक आहे. पण रविवारी रात्री आठ वाजता पावसात स्कूटरवरून जिने चढत येणारा मुलगाही कुणाच्या तरी घरचा आहे आणि त्याच्या घरीही रविवार आहे. दुकानांचंही तेच. 2017 च्या राज्याच्या कायद्याने दुकानं वर्षभर रोज उघडी ठेवायची मुभा मिळाली. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुटी मिळावी अशी त्यात तरतूद आहे, पण साडीच्या दुकानातल्या मुलीची सुटी मंगळवारी येते आणि तिच्या लेकराची शाळा रविवारी बंद असते. जी खरेदी शनिवारी उरकता येते ती मी रविवारी करत नाही. घरात साखर किंवा चहा संपला तर शेजारी मागते.

आणखी एक गोष्ट. पाहुणे येणार असले की धुण्याभांड्याच्या ताईला आपण हमखास बोलावतो, कारण कढई, पातेली, तेलकट झारे यांचा ढीग पडलेला असतो. त्याच दिवशी तिला सुटी द्यायला हवी आणि तिचा पगार कापता कामा नये. आमच्याकडे येणाऱ्या ताई आता रविवारी येत नाहीत, त्या भावाकडे कळव्याला जातात. कढई आमचा मुलगा घासतो. पहिल्यांदा त्याने ती राख लावून घासावी की साबणाने, यावर आत्याने त्याला अर्धा तास धडे दिले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कढई लख्ख केली.