बांध आणि घरचा मामला

मैत्रिणींनो, २०२२च्या मार्चमध्ये सूर्यफुलाच्या तेलाचा भाव ऐकून आपण सगळ्याच दचकलो होतो. तेव्हा आपल्याकडे येणारं बरंचसं हे तेल युक्रेनचं असायचं, आणि २४ फेब्रुवारीला रशियाने तिथे सैन्य घुसवलं होतं. जगाचा बाजार एक झाला, सगळे एकमेकांचे गिऱ्हाईक झाले, की लढाया करणार कोण, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण रशियाचा गॅस जर्मनीत जात होता, तरी रणगाडे निघालेच.

मग शांतता टिकते कशाने? माझं मत विचाराल तर बांधाने. शेजाऱ्याचा बांध कोरायचा नाही, हे गावात पोरासोरांनाही कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेत तेच लिहिलंय. हल्ल्याच्या तीनच दिवस आधी केनियाचे राजदूत मार्टिन किमानी सुरक्षा परिषदेत हेच सांगत होते. आफ्रिकेच्या सीमा गोऱ्यांनी युरोपात बसून आखल्या, भाऊबंद वेगवेगळ्या देशांत वाटले गेले. तरी १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी देशांनी ठरवलं, आहेत त्या सीमा राहू द्यायच्या. वाटणी न्यायाची होती म्हणून नव्हे. पुन्हा मोजणी काढली तर रक्ताचे पाट वाहतील म्हणून. यादवी तिथे पुष्कळ झाली, पण एकाने दुसऱ्याचा मुलूख गिळला असं क्वचितच.

पण बांधाच्या आत काय चाललंय? ‘हा आमचा घरचा मामला आहे’ हे वाक्य आपल्याला काही नवं नाही! शेजारणीचं रडणं ऐकून गेलेल्या कितीजणी ते ऐकून परत फिरल्या असतील. १९४६ साली दक्षिण आफ्रिका आमसभेत हेच म्हणत होती. तिथल्या भारतीयांनी कुठे राहायचं, कुठे जमीन घ्यायची, यावर नवा कायदा आला होता. आपल्या शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित मात्र परत फिरल्या नाहीत. ८ डिसेंबरला त्यांचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो! वर्णभेदाचं राज्य जायला १९९४ उजाडलं, हे खरं. पण विचारणं थांबलं नाही. पुढे व्यापार तुटला, क्रिकेटही बंद झालं.

म्हणूनच २ मार्च २०२२ला आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या विरोधात मत दिलं आणि आपण ३५ तटस्थांत बसलो, ते मला खटकलं. आपली मुलं खारकीवमध्ये अडकली होती, सैन्याची शस्त्रं रशियाची होती, हे कळतं. तरी खटकलंच.