बहिणीची सही



ठाणे-भिवंडी रस्त्यालगतच्या आपल्या काल्हेरमध्ये शेतजमिनीवर गोदामे उभी राहिली, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि विसरलेल्या बहिणींना भावांचे फोन सुरू झाले. कशासाठी? सहीसाठी! बाप मृत्युपत्र न करता गेला की वारस नोंदीत बहिणीचे नाव लागते आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र पुढे येते. "नुसती फॉर्मॅलिटी आहे गं ताई." नुसती फॉर्मॅलिटी असती, तर तिला खास गाडी करून दुय्यम निबंधकाकडे नेले असते का?

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे (नावावर जाऊ नका, कलम २ वाचा). बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची विधवा, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, प्रत्येकाला समान एक हिस्सा. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलेही वारस. "लग्नात खर्च केला, तिचं मिटलं" असे कलम कुठेही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे; २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

आणि आपण? हिंदू कोड बिल अडवले गेले, या एका मोठ्या कारणाने बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या बिलात मुलीचा वारसाहक्क होता. दरवर्षी आपण त्या राजीनाम्याच्या पोस्ट टाकतो. तोच पोस्टवाला कार्यकर्ता आत्याच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो! मनुवादी फक्त दुसऱ्यांच्या घरात राहतात काय?

"ती राजीखुशीने देते," म्हणे. माहेरचा दरवाजा बंद होईल या धाकाने दिलेल्याला राजीखुशी म्हणायचे असेल, तर वेठबिगारीलाही म्हणा.

बहिणींनो, फेरफारात नाव आले नाही म्हणून मालकी जात नाही. तोंडी सोडलेला हक्कही सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. पण एकदा नोंदणी झाली की तो दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागतात.

आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी साक्षीला बोलावले, तर आधी तो कागद ताईला मोठ्याने वाचून दाखवा. 'विना मोबदला' या शब्दांपाशी थांबा आणि भावासमोरच विचारा, गोदामाचे भाडे महिन्याला किती येते?