दहाचे पाच झाले तरी



दशलक्षण पर्व जवळ आलं की १० उपवासांचा संकल्प मनात येतो. मग कुणाची बीपीची गोळी आड येते, कुणाचं बाळ अंगावर पीत असतं. १० चे ५ होतात, किंवा रोजच्या एकाशनावर थांबावं लागतं. 'यंदा काहीच जमलं नाही,' असं कितीजणी खालच्या आवाजात सांगतात!

मला हे पटत नाही. १२ तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं. भुकेपेक्षा चार घास कमी खाऊन उठणं, हेही तपच. सोळाकारण भावनांतही 'शक्तितस्तप' आहे. शक्ती लपवायची नाही, तशी ओलांडायचीही नाही.

मात्र किती कमी, हे जिचं तिनं ठरवायचं. सुनेच्या ताटात कमी वाढून 'समाधान मान' म्हणणं हे तप नव्हे, अन्याय आहे. आणि बाळाला पाजणाऱ्या आईला 'एवढंही झेपेना?' असं टोचणं म्हणजे वाणीची हिंसाच.

तेव्हा यंदा ५ च उपवास झाले, तर पारण्याला मान खाली घालू नका. जेवढं केलंत, ते मनापासून केलंत ना? मग ते पुरेसं आहे.