विश्लेषण : सिरॅमिक कोटिंग गाडीचा रंग खरेच वाचवते का? खर्च बॉनेटवर करावा की चाकांवर?

नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी शोरूममधून फोन येतो. विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, सीट कव्हर, मॅट हे सगळे ठरलेले असते. आता विषय असतो ‘पेंट प्रोटेक्शन पॅकेज’चा. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक छोटा व्हिडीओ येतो. काळ्या बॉनेटवर पाणी ओतले जाते आणि अळवाच्या पानावरून घसरावे तसे थेंब घरंगळत खाली जातात. मग मार्करने एक रेघ ओढली जाते आणि फडक्याच्या एका फटक्यात ती नाहीशी होते. ‘काचेचा थर’, ‘९एच कडकपणा’, ‘५ वर्षे वॉरंटी’ असे शब्द पडद्यावर झळकतात. गाडीच्या किमतीपुढे वीस-तीस हजार रुपये किरकोळ वाटतात, शिवाय दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त हातचा जायला नको असतो. होकार दिला जातो.

या व्हिडीओत खोटे काहीच नाही. पाणी खरेच घरंगळते, मार्कर खरेच पुसला जातो. अडचण एवढीच, की महाराष्ट्रातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा रंग मार्करने खराब होत नाही. तो ज्या गोष्टीने खराब होतो, तिच्यापुढे हा थर फार काळ तग धरत नाही. आणि ज्या भागावर हे कोटिंग खरोखर कामाला येते, ती चाके अनेक पॅकेजमध्ये नसतातच, किंवा ‘ॲड-ऑन’ म्हणून यादीत सर्वांत शेवटी असतात.

हा थर असतो तरी काय?

‘सिरॅमिक’ म्हटले की कपबशी किंवा भट्टीत भाजलेली टाइल डोळ्यांसमोर येते. गाडीवरचे कोटिंग भाजलेले नसते. ३० किंवा ५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सिलिकॉनची संयुगे, बहुधा सिलोक्सेन किंवा पॉलिसिलाझेन, द्रावकात मिसळलेली असतात. स्पंजने ती पत्र्यावर पसरली की द्रावक उडून जातो आणि हवेतल्या बाष्पाशी क्रिया होऊन सिलिकॉन-ऑक्सिजनची घट्ट जाळी तयार होते. खिडकीच्या काचेचा मुख्य घटकही सिलिकॉन डायऑक्साइडच असतो, त्यामुळे ‘काचेचा थर’ हे वर्णन अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

थराची जाडी मात्र शाळेतल्या गणिताने काढून पाहण्यासारखी आहे. हॅचबॅकच्या बाहेरच्या पत्र्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने १० चौरस मीटर धरू. ३० मिलिलिटरची पूर्ण बाटली त्यावर सारखी पसरली तर ओला थर ३ मायक्रॉनचा होतो. त्यातला द्रावक उडून जातो, वरचा जादा भाग फडक्याने पुसून काढला जातो. हाती उरतो तो एक मायक्रॉनच्या आसपासचा, बऱ्याचदा त्याहूनही पातळ थर. दोन हात मारले तरी एक-दोन मायक्रॉन. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉनच्या आगेमागे असतात आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीचे खरे कवच कंपनीने आधीच दिलेले आहे आणि ते विकत घेतलेल्या कवचापेक्षा कित्येक पटींनी जाड आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना रोखणारे घटकही त्याच क्लिअरकोटमध्ये असतात. वरच्या एका मायक्रॉनने त्यात फारशी भर पडत नाही.

‘९एच’ म्हणजे पेन्सिल

जाहिरातीत ‘९एच’ वाचून अनेकांना हिऱ्याची आठवण होते, कारण खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्ज मापावर हिरा १० वर असतो. ९एचचा त्या मापाशी संबंध नाही. हा एच चित्रकलेच्या पेन्सिलवरचा आहे. एचबी, २बी, ४एच अशा पेन्सिली ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबाने थरावर ढकलायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचे, अशी ही रंगउद्योगातली जुनी आणि रीतसर चाचणी आहे. ९एच ही त्या संचातली सर्वांत टणक पेन्सिल. तिने ओरखडा उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ. पण गाडीवर पेन्सिल फिरवतो कोण? गाडीवर फिरते ती धुळीतली वाळू, आणि वाळूतले क्वार्ट्झ मोह्ज मापावर ७ वर आहे. शिवाय हा पातळ थर ज्या क्लिअरकोटवर बसतो, तो त्याच्या तुलनेत मऊ असतो. वाळूचा कण दाबला गेला की एका मायक्रॉनचा थर त्याला अडवू शकत नाही.

हा कण दाबतो कोण, ते प्रत्येक सोसायटीत पहाटे साडेपाचला पाहायला मिळते. एक बादली, एक फडके आणि दहा-पंधरा गाड्या. पहिल्या दोन गाड्यांनंतर बादलीतले पाणी गढूळ होते आणि पुढच्या गाड्यांवर फडक्याबरोबर आधीच्या गाड्यांची धूळही घासली जाते. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की नुसते कोरडे फडके किंवा झटकणी. वर्षाकाठी अशी तीनशेच्या घरात घासणी होते. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोलगोल रेषांची नक्षी दिसते, ती याचीच कमाई. यात गाडी पुसणाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. महिन्याला काहीशे रुपयांत, अर्ध्या बादली पाण्यात आणि दहा मिनिटांत गाडी ‘चकाचक’ हवी असेल, तर दुसरे काही होऊच शकत नाही.

कोटिंग केलेल्या गाडीवर धूळ कमी घट्ट बसते आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही बरीचशी निघून जाते, हा त्याचा खरा फायदा. पण तो मिळतो आधी पाणी मारून, मग शाम्पूने आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने गाडी धुणाऱ्यालाच. रोजचे फडके चालूच राहणार असेल, तर काही महिन्यांत कोटिंगवरही तीच जाळी उठते, आणि वीस-तीस हजार रुपये त्या फडक्याने पुसून नेलेले असतात. म्हणूनच दोन बादल्या, एक चांगला शाम्पू आणि चार मायक्रोफायबर कापडे हा गाडीच्या रंगावरचा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. शोरूमच्या यादीत तो नसतो, कारण त्यावर कमाई होत नाही.

पाण्याचीही एक गंमत आहे. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या रंगावर पाणी पसरते. कोटिंगवर त्याचे टपोरे थेंब होतात आणि उन्हात जागच्या जागी वाळून पांढरी कडी मागे ठेवतात. व्हिडीओत जे थेंब विक्रीला मदत करतात, तेच पार्किंगमध्ये डाग पाडतात. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. तिच्यातील आम्लाने तापलेल्या पत्र्यावर खड्डा पडतो. कोटिंगमुळे मालकाला पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो, कायमचे अभय नाही. दगड उडून पडणारे टवके तर हा थर रोखूच शकत नाही. त्यासाठी दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, म्हणजे पीपीएफ, लागते आणि तिचा खर्च कितीतरी जास्त असतो.

मुहूर्ताच्या आदल्या रात्री

कोटिंगचा दर्जा बाटलीपेक्षा तयारीवर ठरतो. गाडी नीट धुणे, रंगात रुतलेले कण क्ले बारने काढणे, असलेले ओरखडे पॉलिशने घालवणे, तेलाचा अंश पुसणे आणि मग धूळ नसलेल्या खोलीत थर चढवणे. या कामाला एक ते दोन दिवस सहज लागतात. नंतर दोनेक दिवस गाडीला पाणी लागू नये आणि आठवडाभर शाम्पू लावू नये, असे सांगितले जाते. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकाच शोरूममधून किती गाड्या बाहेर पडतात ते आठवून पाहावे. त्या घाईत आवारात उभ्या गाडीवर आधीच पडलेले ओरखडे न काढता त्यावर थर मारला, की ते ओरखडे चकाकीखाली तसेच राहतात. आणि सकाळी त्याच ओल्या कोटिंगवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, हार चढतो, नारळाचे पाणी उडते. पूजा करू नये असे कोणी म्हणणार नाही. कोटिंगच महिनाभर पुढे ढकलावे. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का झालेला असतो, त्यामुळे ‘आजच केले नाही तर रंग खराब होईल’ या आग्रहाला आधार नाही. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलची गोष्ट वेगळी. तो रंग कमी तापमानाला सुकवलेला असतो आणि त्यावर कोटिंग करण्यापूर्वी काही आठवडे थांबावे लागते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे द्रव्य फार लवकर आळते. पुसायला क्षणभर उशीर झाला की पत्र्यावर ढगाळ पट्टे राहतात आणि ते पुन्हा पॉलिश करूनच काढावे लागतात. जुलैतल्या ‘मान्सून ऑफर’ला भुलण्यापूर्वी स्टुडिओत वातानुकूलित खोली आहे का, एवढे तरी पाहावे.

चाकांवर हिशेब का बदलतो?

ब्रेक लागतो तेव्हा पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर घासतात. त्यातून उडणारी लोखंडाची तापलेली भुकटी अलॉय चाकाच्या क्लिअरकोटला चिकटते, त्यात रुतते आणि पाणी लागले की गंजते. काही महिन्यांत चंदेरी चाक तपकिरी दिसू लागते. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रमची भुकटी बरीचशी आतच अडकते आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्या चाकांवरच येतो, म्हणून पुढची चाके आधी काळवंडतात. (इलेक्ट्रिक गाडीत मोटारच वेग कमी करत असल्याने हा त्रास बराच कमी.)

म्हणजे चाकाचा शत्रू आहे चिकटणारी घाण, आणि न चिकटू देणे हेच तर या कोटिंगचे मुख्य काम. बॉनेटसारखे चाकावर रोज फडके फिरत नाही, त्यामुळे थर घासला जाण्याचा वेगही कमी. भुकटी रुतत नाही, साध्या शाम्पूने आणि मऊ ब्रशने निघते, आणि वॉशिंग सेंटरमधले तीव्र आम्लाचे किंवा कॉस्टिकचे फवारे टाळता येतात. या फवाऱ्यांनी चाकाचा क्लिअरकोट धूसर होतो. तीव्र अल्कली तर काचेलाही खाते, मग कोटिंगचे काय! चाकांचे क्षेत्रफळ कमी, द्रव्य कमी, खर्चही पूर्ण गाडीच्या मानाने थोडा.

मात्र चाक जागेवरच ठेवून समोरून हात फिरवला, तर ते काम अर्धवट. खरी भुकटी आतल्या बाजूला साचते. चाक उतरवून, आतून-बाहेरून साफ करूनच थर द्यायला हवा. त्यासाठी गाडी नवी असतानाची किंवा टायर बदलण्याची वेळ सर्वांत सोयीची. दोन रंगांतल्या ‘डायमंड कट’ अलॉयला एक मर्यादा आहे. त्यांचा चकचकीत भाग यंत्रावर कापलेला असतो आणि उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक थर असतो. फुटपाथला घासून तो फुटला की पाणी आत शिरते आणि थराखाली पांढरी नागमोडी रेघ पसरत जाते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जरा लवकरच. ते कोटिंगने थांबत नाही. आणि लोखंडी रिमवर प्लास्टिकचे व्हील कव्हर असेल, तर कोटिंगवर एक रुपयाही घालवू नये. नवे कव्हर स्वस्त पडते.

वॉरंटीचा कागद

‘५ वर्षे वॉरंटी’खालची बारीक अक्षरे वाचली की दोन गोष्टी हमखास सापडतात. दर काही महिन्यांनी त्याच केंद्रात पैसे देऊन ‘मेंटेनन्स’ करून घ्यायचा, आणि तक्रार मान्य झालीच तर मिळणार ते पुन्हा कोटिंग. रंगकामाची भरपाई नाही. मेंटेनन्सच्या नावाखाली घासणारे पॉलिश वापरले गेले, तर एक-दोन मायक्रॉनचा मूळ थर त्यातच निघून जातो आणि मालकाला कळतही नाही.

इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. योग्य चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या परिणामाची किंवा आयुष्याची हमी देणे, हे त्यातील कलम २(४७)नुसार अनुचित व्यापार प्रथेत मोडते. आणि चाचणी केल्याचा दावा विक्रेत्याने केला, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण त्यासाठी हातात कागद हवा. उत्पादनाचे नाव, किती थर दिले, कामाआधी आणि नंतर गेजवर मोजलेली रंगाची जाडी, आणि बिलावर ‘ॲक्सेसरीज’ असा मोघम शब्द न लिहिता कोटिंगचा स्वतंत्र उल्लेख.

मग पूर्ण गाडीला कोटिंग कोणी करावे? गाडी झाडाखाली किंवा उघड्यावर उभी राहते, रंग काळा किंवा गडद आहे आणि मालक दर आठवड्याला स्वतः ती नीट धुतो, अशांना ते परवडते. धुणे खरेच सोपे होते आणि चकाकी टिकते. पांढऱ्या गाडीवर ओरखडे मुळात कमी दिसतात. ती तळमजल्याच्या छपराखाली उभी राहत असेल, तर वर्षातून दोनदा हाताने लावलेले चांगले वॅक्स किंवा सीलंट पुरते.

ज्यांनी कोटिंग आधीच केले आहे आणि ज्यांच्या बॉनेटवर आता पाणी घरंगळत नाही, त्यांनी लगेच नव्या पॅकेजचे पैसे भरू नयेत. अनेकदा थर शाबूत असतो, फक्त त्यावर क्षार आणि धुराची काजळी बसलेली असते. सावलीत गाडी शाम्पूने धुवावी, मग लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर फवारून तो जांभळा झाला की वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढावा आणि पुन्हा पाणी ओतून पाहावे. तरीही पाणी पसरूनच राहिले, तर थर गेला असे समजायला हरकत नाही.