बोट लागली, की साखर उतरली?

पूर्वी आपल्याकडे मुलीबाळींची लग्ने उरकली आणि गाठीला चार पैसे राहिले की माणसे काशीला जात, रामेश्वरला जात. अलीकडे माझ्या दवाखान्यात वेगळेच प्रश्न येऊ लागले आहेत. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारा मुलगा आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला जहाजाच्या सहलीचे तिकीट पाठवतो आणि वडील ते तिकीट माझ्या टेबलावर ठेवून विचारतात, "डॉक्टरसाहेब, आम्हाला झेपेल का हो?"

झेपेल. पण कसे, ते नीट सांगायला हवे. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी मुंबईहून गोवामार्गे लक्षद्वीपपर्यंत अशी सहल केली. त्यामुळे आजचा लेख ऐकीव नाही.

मराठवाड्याच्या माणसाने समुद्र पाहिला नाही असे उगीच म्हणतात. नांदेड-लातूरकडची कितीतरी माणसे मुंबईहून बोटीने जेद्दाहला हजला जाऊन आलेली आहेत. तो जलमार्ग १९९५ साली बंद झाला. त्या पिढीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते की बोटीवर चढताना त्यांच्या घरच्यांनी निरोपाचे जेवण घातले होते. परत येऊ की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. आता त्याच समुद्रावर माणसे पोहण्याचा तलाव, नाटक-सिनेमा आणि चार वेळचे जेवण यासाठी जातात. बदल चांगलाच आहे. फक्त एक गोष्ट बदललेली नाही. किनारा सोडला की रुग्णालय मागे राहते.

आता मुळातली गोष्ट. आमच्या शेजारच्या खोलीत अहमदपूर तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी होत्या. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. वय सत्तरीच्या घरात, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, पण चालणे-बोलणे ठणठणीत. पहिल्या दिवशी गुरुजींनी आइस्क्रीम खाल्ले, जिलेबी खाल्ली, आणि "सहलीत काय पथ्य!" असेही म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, हे विशेष. गोवा सोडल्यानंतरच्या रात्री जहाज थोडे हेलकावे घेऊ लागले. गुरुजींना दोनदा उलटी झाली. सकाळी नाश्त्याला ते आलेच नाहीत. बाई मात्र नेमाच्या. त्यांनी रोजच्या वेळेला साखरेच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर दिल्या.

अकराच्या सुमारास बाईंनी आमचे दार वाजवले. "वहिनी, जरा येता का? यांना बोट लागलीय, पण काहीतरी वेगळंच बोलायलेत." आम्ही गेलो तर गुरुजी घामाने निथळलेले, हात थरथरत होते आणि मला ते शाळेतला शिपाई समजून घंटा द्यायला सांगत होते. माझ्या बॅगेत साखर मोजण्याचे यंत्र होते. आकडा आला ४६. माणूस शुद्धीवर होता, गिळता येत होते, म्हणून लगेच साखरपाणी पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, पुन्हा थोडे पाजले, मग बिस्किटे दिली. खोली सांभाळणारा सिंधुदुर्गातला पोरगा तोवर जहाजाच्या डॉक्टरांना घेऊन आला होता.

वाचकहो, इथे थांबून नीट समजून घ्या. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाण्याची भीती फारशी नसते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण नाही आणि गोळी घेतली, की साखर घसरते. त्यात या गोळ्यांचा असर लांबतो. एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त राहिलो, तर काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. म्हणून जहाजाच्या डॉक्टरांनी गुरुजींना दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या दवाखान्यात ठेवून घेतले आणि ते अगदी योग्य केले. गुरुजींचे बेट पाहायचे राहिले, याचा त्यांना राग आला तो वेगळा.

खरी अडचण पुढे आली. डॉक्टरांनी विचारले, कोणत्या गोळ्या चालू आहेत? बाई म्हणाल्या, "एक पांढरी मोठी, एक हिरवी बारीक." पाकिटे घरी ठेवून गोळ्या एका डबीत भरून आणल्या होत्या. मुलाला विचारावे तर भर समुद्रात मोबाइलला रेंज नाही. जहाजावर चढण्यापूर्वी आजारांविषयीचा एक कागद भरून द्यायचा असतो. तो तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने परस्पर भरला होता आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा प्रत्येक ओळीपुढे "नाही" अशी खूण केली होती. का, तर "उगीच अडवाअडवी नको." त्या एजंटाचे नाव मी लिहिणार नाही, पण ही सवय एका माणसाची नाही. यात्रा कंपनीपासून विम्यापर्यंत आपल्याकडे आरोग्याचा कागद हा खोटे लिहिण्यासाठीच असतो, अशी समजूत आहे. जमिनीवर ते खपून जाते. नांदेडात रात्री दोन वाजता छातीत दुखले तर रिक्षाने दहा मिनिटांत शासकीय रुग्णालय गाठता येते. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात, सलाईन, ऑक्सिजन, प्रथमोपचार सगळे असते. पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही. त्या डॉक्टरांजवळ तुमची जुनी फाइल नसते. तो कागद हीच काय ती ओळख. मुलांनी एजंटाला बजावून सांगावे की हा कागद आईवडील स्वतः भरतील. एजंट नाखूश झाला तर दुसरा एजंट शोधावा.

आता बोट लागण्याविषयी. एसटी लागते तसाच हा प्रकार. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. खोलीत बसलेले डोळे सांगतात की भिंती तर स्थिर आहेत. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही म्हणून मळमळ होते. उपाय सोपा: खोलीत पडून राहू नका, उघड्यावर जाऊन लांबच्या क्षितिजाकडे पाहा. खोली निवडता आली तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी, पण आपल्या डॉक्टरांना विचारून. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू असलेल्यांना किंवा प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना त्यातल्या काही सोसत नाहीत. मधुमेही माणसाला बोट लागली, घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले, तर आधी साखर मोजा. यंत्र नसेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर देऊन टाका. थोडी जास्त साखर तेवढ्यापुरती चालेल, कमी साखर जीव घेते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका.

पाण्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. लातूरकरांना पाण्याचे मोल मी काय सांगणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली पहिली रेल्वे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. जहाजावर समुद्राचेच पाणी यंत्राने गोडे करून वापरता येते. आमच्याबरोबरचे एक लातूरकर दोन दिवस नळाकडे संशयानेच पाहत होते आणि तरणतलावाकडे तर रागाने. सांगायचे ते एवढेच की जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते तेव्हा बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतो, हातांचा असतो.

नोरोव्हायरस नावाचा एक विषाणू आहे. तो अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो. जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण आणि जेवणाच्या टेबलावरचा डाव हे त्याचे रस्ते. हजार-दोन हजार माणसे एकाच डावाने भाजी वाढून घेतात, तिथे एकाच्या घाणेरड्या हाताचा प्रसाद सगळ्यांना. आपल्या नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोज किती माणसे जेवतात! पण तिथे पंगतीत बसायचे, वाढणारा सेवादार वाढतो, डाव जेवणाऱ्याच्या हाती येतच नाही. आरोग्याच्या दृष्टीने ती पद्धत बुफेपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाजावर भोजनगृहाच्या दाराशी हाताला चोळायचे औषध ठेवतात. ते अवश्य वापरा, पण नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरू नका. साबण आणि वाहते पाणी, वीस सेकंद, जेवणापूर्वी आणि शौचानंतर. आमच्या सौ. तर दोन्ही वेळा वाढून घेतल्यावर पुन्हा हात धुऊन यायच्या. लोक हसायचे. हसू देत.

अमेरिकेने प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवण्याचा कार्यक्रम १९७५ साली सुरू केला, तो अशा साथी वारंवार झाल्यामुळेच. आणि कोरोना कोण विसरेल? फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकून पडले. जहाजावर ३,७११ माणसे होती, त्यांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, पण त्यांतले प्रवासी फक्त ६. उरलेले १३२ कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटे कर्मचारीच पोहोचवत होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका जहाजावर सुमारे २,००० जणांची तपासणी झाली, तेव्हा ६६ जण बाधित निघाले.

म्हणून ज्याला जुलाब लागले आहेत किंवा ताप आहे, त्याने तो लपवू नये. आमच्या जहाजावर एक गृहस्थ पोट बिघडलेले असताना "खोलीत कोंडून ठेवतील" म्हणून गोळ्या खाऊन नाचगाण्याला बसले होते. पैसे भरलेत, एक संध्याकाळ का सोडायची, असा त्यांचा सवाल. त्यांची खोली झाडायला, चादरी उचलायला तोच सिंधुदुर्गातला पोरगा जात होता. सात महिने घर सोडून राहिलेला. तो आजारी पडला तर त्याची संध्याकाळ कुणी मोजायची?

मद्याविषयी लिहीत नाही. ज्यांना सांगायला हवे ते आरोग्याचे सदर वाचत नाहीत.

तिकीट आलेच असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. गोळ्या नेहमीपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, आणि ही पिशवी हातात राहू द्या. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि खोलीत पोहोचायला कित्येक तास लागतात. चिठ्ठीवर गोळ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहून एक प्रत खिशात, एक पत्नीच्या पर्समध्ये ठेवा. हृदयविकार असेल तर शेवटच्या ईसीजीची झेरॉक्सही. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ज्यांना गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला आहे, चालताना दम लागतो, किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांना मी स्वतः या सहलीला सध्या परवानगी देत नाही, मुलगा कितीही रागावला तरी. जहाजावरच्या दवाखान्याचा खर्च सहसा तिकिटात धरलेला नसतो. गुरुजींचे बिल त्यांच्या मुलाने भरले. विमा होता, पण भरलेल्या कागदावर मधुमेह "नाही" होता.